एक्स्टर्नल हार्ड डिस्क: कॉपी संपली तरी अनमाउंट व्हायला इतका वेळ का, आणि तशीच काढली तर?

कातरवेळ
नमस्कार मंडळी, नुकतीच विंडोजवरून उबुंटू लिनक्सवर आलेय. फोटो आणि व्हिडिओंचा बॅकअप एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेते. कॉपीची पट्टी सरसर शंभर टक्क्यांवर जाते, पण नंतर अनमाउंट करायला, म्हणजे डिस्क सिस्टीमपासून सोडवायला, इजेक्टचं बटण दाबलं की गोल चक्र फिरतच बसतं आणि डेटा लिहिणं चालू आहे, डिस्क काढू नका असा मेसेज येतो. कधीकधी तर टार्गेट इज बिझी म्हणत सरळ नाहीच म्हणतं. कॉपी झालीये ना, मग लिहायचं राहिलंय काय? तशीच केबल काढली तर खरंच काही बिघडतं का? डिस्क एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) आहे कारण विंडोजलाही लावावी लागते, ते चालेल ना?

रात्रपाळी
केबल अजिबात ओढू नका. ती पट्टी फाईल डिस्कवर पोचल्याचं सांगत नाही, कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ती ताब्यात घेतली एवढंच सांगते. लिनक्स आधी डेटा रॅममध्ये घेतं आणि मागाहून निवांत डिस्कवर उतरवतं, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये मोकळ्या मेमरीच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत असा न उतरलेला डेटा साठू शकतो, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर अडीच-तीन जीबी आरामात. हार्ड डिस्क हळू असते त्यामुळे तेवढं लिहायला वेळ लागणारच, तुमचं चक्र फिरतं ते त्यासाठीच.

डोळ्यांनी बघायचं असेल तर मोठी कॉपी झाल्या झाल्या प्रॉक फोल्डरमधली मेमइन्फो नावाची फाईल उघडून बघा. त्यात डर्टी आणि राइटबॅक अशा दोन ओळी आहेत, आकडे केबीमध्ये असतात. कॉपी संपल्यावर डर्टीचा आकडा फुगलेला दिसेल, मग टर्मिनलमध्ये सिंक ही कमांड द्या आणि फाईल पुन्हापुन्हा बघत रहा, आकडा खाली खाली येतो. तो अगदी शून्य होत नाही कारण बाकीचे प्रोग्रॅमही थोडंफार लिहीत असतात, पण एकदा हे बघितलं की केबल ओढायला हात धजणार नाही.

बिझीचं म्हणाल तर कोणीतरी त्या डिस्कवरची फाईल उघडून बसलेलं असतं. बहुतेक वेळा दुसऱ्या टॅबमधलं टर्मिनलच त्या फोल्डरमध्ये उभं असतं, किंवा पॉज करून ठेवलेला व्हिडिओ प्लेअर. एलएसओएफ कमांडला डिस्कचा माउंट पॉइंट, म्हणजे ती ज्या फोल्डरला जोडलेली दिसते तो, दिलात की कोण ते नावासकट कळतं. काही जण सांगतील लेझी अनमाउंट कर, एल ऑप्शन लाव, तो नाद करू नका. त्याने डिस्क यादीतून गायब होते पण आतून लिहिणं चालूच असू शकतं, आणि तुम्हाला वाटतं झालं.

उंबरठा
वरच्याला +१. अजून एक, नुसतं अनमाउंट झालं तरी डिस्क आत फिरतच असते हो. फाईल मॅनेजरमधून इजेक्ट किंवा टर्मिनलमधून यूडिस्कसीटीएल कमांडचं पॉवर-ऑफ केलं की हेड (आतले वाचणारे-लिहिणारे हात) नीट पार्क होतात आणि डिस्क थांबते, हाताला थरथर लागायची बंद झाली की मगच उचला. अचानक पॉवर गेली तर हेड घाईघाईने मागे घ्यावे लागतात, बऱ्याच डिस्क त्याची नोंद स्मार्ट या स्वतःच्या तब्येतीच्या तक्त्यामध्ये १९२ नंबरच्या ओळीत ठेवतात.

एनटीएफएसबद्दल: लिनक्सवर चालतं, ५.१५ आवृत्तीपासून कर्नलमध्ये एनटीएफएस३ ड्रायव्हर आहे आणि एनटीएफएस-३जी हा वेगळा ड्रायव्हर त्याआधीपासून आहेच. पण विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शटडाउन केल्यासारखं दिसतं पण ते अर्धं हायबरनेट झालेलं असतं आणि तशात डिस्क काढून इकडे लावली की रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल अशी) माउंट होते किंवा माउंटच होत नाही. तेव्हा फोर्स लावून माउंट करू नका, विंडोजमध्ये नेऊन चेकडिस्क चालवा. इकडचं एनटीएफएसफिक्स पूर्ण दुरुस्ती करत नाही.

पाटीपेन्सिल
एक्सफॅट फॉरमॅट नको का? दोन्हीकडे चालतं की.

उंबरठा
चालतं, पण त्याला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नाही. मधेच केबल निघाली तर सावरायला आधार कमी. कायमच्या बॅकअपसाठी मी तरी नाही ठेवणार. डिस्क फक्त लिनक्सलाच लागत असती तर डोळे झाकून ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) म्हणालो असतो.

कातरवेळ
खूप आभार दोघांचे! डर्टीवाली ओळ बघितली, खरंच केवढा आकडा होता आणि टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडं होतं. एक शेवटचं, फाईली नीट गेल्यात का हे कसं तपासू? कॉपी झाल्यावर लगेच दोन-चार फोटो उघडून बघते, तेवढं पुरे का?

रात्रपाळी
पुरे नाही, कारण लगेच उघडलेला फोटो बहुतेक रॅममधूनच दिसतो, डिस्कवर काय उतरलं ते त्यातून कळत नाही. आधी व्यवस्थित इजेक्ट करा, केबल काढून परत लावा आणि मग आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडला रिकर्सिव्ह (आतल्या फोल्डरांसकट), चेकसम (मजकूर ताडणं) आणि ड्राय-रन (नुसती रंगीत तालीम) हे तिन्ही ऑप्शन देऊन मूळ फोल्डर आणि बॅकअप ताडून बघा. ड्राय-रन विसरू नका, नाहीतर ते तपासायच्या ऐवजी कॉपीच करायला लागेल. आणि आयटमाइज-चेंजेस पण जोडा म्हणजे फरक असलेल्या फाईलींची नावं दिसतील. दोन्ही बाजूंची प्रत्येक फाईल पूर्ण वाचली जाते त्यामुळे मोठ्या बॅकअपला बराच वेळ जाईल, रात्री लावून झोपा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून आणि सस्पेंड बंद करून.