मिरीतही तेच आहे
'टर्पीन म्हणजे गांजातलंच खास द्रव्य' असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. टर्पीन म्हणजे वनस्पतींना वास देणारी द्रव्यं. मंडईतून आणलेली मिरी खलबत्त्यात कुटताना नाकात जो वास चढतो, त्यात बीटा-कॅरिओफिलीन नावाचं टर्पीन असतं. लवंगेत आणि गांजातही तेच. ते शरीरातल्या सीबी२ ग्राहकाला (पेशींवरची, गांजातली द्रव्यं जिथे चिकटतात अशी एक जागा) चिकटतं आणि २००८ च्या एका अभ्यासात त्यानं उंदरांची सूज उतरली होती. नशा मात्र नाही, ती सीबी१ या दुसऱ्या ग्राहकामुळे चढते. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे, लगेच मिरपुडीच्या फक्क्या मारू नका!

'नैसर्गिक आहे, मग अपाय कसला' हेही जरा जपून. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हे टर्पीन हवा लागून जुनं झालं की त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. खिडकीत वर्षभर अर्धी पडलेली संत्र्याच्या तेलाची बाटली मी मनगटाला चोळली आणि दोन दिवस खाजवत बसलो.