शब्दचर्चा : ‘कॅरेक्टर बनवणं’ याला मराठीत काय म्हणावं?

रावपुऱ्यातून :
माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे बडोद्याला येतो आणि ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ खेळतो. नवा खेळ घेतला की पहिला अर्धा-पाऊण तास खेळतच नाही. वंश, पेशा, केस, नाकाची ठेवण, पूर्वायुष्य असं निवडत बसतो. काय चाललंय विचारलं की उत्तर ठरलेलं : “मावशी, कॅरेक्टर बनवतोय.”

‘पात्रनिर्मिती’ हा शब्द मला पटत नाही. पात्र निर्माण करतो तो लेखक. इथे लेखकाने वाटा आधीच आखून ठेवल्यात, मुलगा त्यांतली एक धरतो. त्यापेक्षा नाटकवाल्यांची ‘पात्रयोजना’ जवळची वाटते. कोणती भूमिका कुणाला द्यायची ते ठरवणं. फक्त इथे देणारा आणि घेणारा एकच.

‘भूमिका’ही चांगला शब्द आहे, त्यात भूमी आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ २००४ साली आला तेव्हा त्यात आठ वंश होते, एकमेकांविरुद्धच्या दोन पक्षांत वाटलेले : चार अलायन्सचे, चार होर्डचे. ड्वॉर्फ घेतलात तर सुरुवात डन मोरोच्या बर्फात, ऑर्क घेतलात तर दुरोतारच्या तांबड्या, रखरखीत मातीत. विरुद्ध पक्षाचा खेळाडू शेजारी उभा राहून काही बोलला तर पडद्यावर अगम्य अक्षरं उमटतात. वंश निवडला तेव्हा जमीन आणि भाषाही निवडून झाली होती.

मांजलपूरहून :
ताई, ‘भूमिका’ नको. ‘माझी भूमिका’ म्हटलं की लोकांना मत ऐकू येतं. गुजरातेत राहून ‘वेश’ कसा विसरलात? भवाईत, म्हणजे गुजराती लोकनाट्यात, वेश म्हणजे नुसते कपडे नव्हेत, एकेका नाट्यालाच ‘वेश’ म्हणतात. भवाईचे जनक मानले जाणाऱ्या असाईत ठाकरांनी असे ३६० वेश रचले असं परंपरा सांगते. शेजारीपाजारी ‘वेश भजववो’ (वेश करून दाखवणं) म्हणतात तेव्हा त्यात सोंगही आलं आणि गोष्टही. आपल्याला हवं ते हेच ना?

रावपुऱ्यातून :
दादा, भवाईचा वेश खरंच माझ्या ध्यानात आला नव्हता. पण मराठी कानाला वेष म्हणजे वरचं आवरण. साधूचा वेष घेतला तरी आत माणूस तोच. हा अर्थही आपल्याला लागणार आहे, वेगळ्या कामासाठी.

स्टार वॉर्सवरचा ‘दि ओल्ड रिपब्लिक’ हा २०११चा खेळ घ्या. सुरुवातीपासून त्यात आठ पेशे आणि त्यांच्या आठ स्वतंत्र कथा. साम्राज्याच्या हेराच्या वाट्याला जे येतं ते तस्कराला कधी दिसत नाही. पण त्याच हेराचा वंश किंवा कातडीचा रंग बदला. थोडेसे संवाद सोडले तर कथा जशीच्या तशी. हा वेष बदलला. पेशा बदललात तर पात्र बदललं.

‘पात्र’ या शब्दावर माझा जीव आहे. मुळात पिण्याचं भांडं, मग नदीचं पात्र, मग नाटकातलं. विश्वामित्रीकाठी राहणाऱ्यांना सांगायला नको, पण ‘नदीने पात्र बदललं’ म्हणतो तेव्हा पाणी तेच असतं, वाहण्याची वाट दुसरी होते. खेळाडूचंही तसंच. गिल्ड वॉर्स २ या २०१२च्या खेळात मानव घेतला की तुमचं पूर्वायुष्य विचारतात. लहानपण रस्त्यावर गेलं, साध्या घरात, की उमरावांकडे? मनात सल कसला? आईवडील कोण ते कळलं नाही, बहिणीचा देह हाती लागला नाही, की सर्कशीत जायची संधी हुकली? ज्या सलावर बोट ठेवाल तो पुढे कथेत तुमच्यासमोर येऊन उभा राहतो. पुष्कळ पुढे गेल्यावर या वाटा एक होतात, ओढे नदीला मिळतात तसे. भाच्याने सर्कस निवडली होती. दुसऱ्या खेपेला मी त्याला बहीण निवडायला लावली आणि रात्री जेवण बाजूला ठेवून आम्ही दोघं तेवढा भाग पाहत बसलो.

मांजलपूरहून :
नदीचं पटलं. मग क्रियापद कोणतं? पात्र ‘घेणं’ की ‘घडवणं’?

रावपुऱ्यातून :
चेहरामोहरा, केस, कपडे यांना ‘वेष घडवणं’. कथेचा ओघ वळवणाऱ्या निवडीला ‘पात्र घेणं’. अडलंय ते ‘क्लास’पाशी, म्हणजे योद्धा, जादूगार, हेर यांतलं काय व्हायचं त्या निवडीपाशी. ‘वर्ग’ म्हटलं की शाळा आठवते. मी वर ‘पेशा’ वापरला, तो हेराला आणि तस्कराला शोभतो, पण स्टार वॉर्समधल्या जेडाय योद्ध्याला पेशा म्हणवत नाही.

कारेलीबागेतून :
‘बाणा’ म्हणून पाहा. योद्ध्याचा बाणा, जादूगाराचा बाणा. लढायची रीत आणि वागायची रीत, दोन्ही त्यात येतात.

रावपुऱ्यातून :
‘यंदा हेराचा बाणा घेतलाय’ असं मोठ्याने म्हणून पाहिलं. जमतंय. रविवारी भाचा येईल, त्याच्या तोंडून ऐकते.