कामं फास्ट झाली, मग वाचलेला वेळ जातो कुठे?

शेवटची_ओळ

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढला. माझं काम रिपोर्टिंगचं आहे. महिनाअखेरीला वेगवेगळ्या विभागांकडून एक्सेल फायली येतात, त्या जुळवायच्या, आकड्यांतला फरक शोधायचा आणि वर पाठवायचं. पूर्वी यात कितीतरी दिवस जायचे कारण प्रत्येकाच्या फाईलचे कॉलम वेगळे, कोणी तारखेत आधी महिना लिहिणार तर कोणी आधी दिवस, कोणी आकड्याच्या पुढे स्पेस सोडून ठेवणार आणि मग तो आकडा बेरजेत धरलाच जाणार नाही, असलं सगळं डोळे फोडून शोधावं लागायचं. आता स्क्रिप्ट (हेच काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) लावून ठेवलीये, फायली फोल्डरमध्ये टाकल्या की काही मिनिटांत रिपोर्ट तयार.

म्हणजे मी मोकळा व्हायला पाहिजे होतो ना? पण झालं असं की महिन्याचा रिपोर्ट आठवड्याचा झाला, मग रोजचा झाला, आता लाईव्ह डॅशबोर्ड (ताजे आकडे सतत दाखवणारा स्क्रीन) आहे आणि रात्री जेवताना पण मेसेज येतो की हा आकडा अचानक खाली का गेलाय. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की एका विभागाने अजून एंट्री केलेली नसते. म्हणजे पूर्वी महिन्यातून एकदा उत्तर द्यायचो ते आता रोज देतो, आणि तेही अर्धवट डेटावर.

१९३० साली केन्स या अर्थतज्ज्ञाने लिहून ठेवलं होतं की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल. २०३० तर आलंच की आता. उत्पादन वाढेल हा त्याचा अंदाज चुकला नाही, पण १५ तास कुठे दिसतायत?

टेक्नॉलॉजीला नावं ठेवायला धागा काढलेला नाही, मला ही स्क्रिप्ट मनापासून आवडते. फक्त खरंच जाणून घ्यायचंय की हा वाचलेला वेळ नेमका जातो कुठे, आणि कोणाकडे तो टिकलाय का?

निळी_शाई

अगदी जिव्हाळ्याचा प्रश्न. ऑफिसच्या आधी घरात बघा, तिथे हे फार आधी घडून गेलंय. जोअ‍ॅन व्हॅनेक नावाच्या संशोधिकेने १९७४ मध्ये अमेरिकेतल्या घरकामाच्या वेळेची जुनी आकडेवारी एकत्र करून मांडली. नोकरी न करणारी गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला साधारण ५२ तास घरकाम करत होती आणि १९६० च्या दशकात साधारण ५५ तास! मधल्या काळात वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर, नळाला गरम पाणी, सगळं घरात आलं होतं.

कारण तुमच्या डॅशबोर्डचंच आहे. कपडे धुणं सोपं झालं म्हणून कपडे जास्त वेळा धुवायला लागले. आधी एक शर्ट बरेच दिवस चालायचा, आता रोज नवा घालायचा, आणि जी बाहेरची मदत असायची ती बंद होऊन सगळं एकटीवर आलं. शरीराचे कष्ट कमी झाले, ते मी अजिबात कमी लेखत नाही, ओले जड कपडे पिळून ज्यांचे मनगट गेलेत त्यांना विचारा. पण तास तेवढेच राहिले कारण 'स्वच्छ' कशाला म्हणायचं ती रेघच वर सरकली.

तुमच्याकडे तेच झालंय. 'वेळेवर रिपोर्ट' म्हणजे काय ही रेघ वर सरकली आणि ती सरकवताना तुम्हाला कोणी विचारलं नाही.

खटपट्या

निळी_शाई +१, पण मला वाटतं अजून एक बाजू आहे. नवीन यंत्र आलं तरी कामाची मांडणी जुनीच राहते, आणि ती बदलायला फार वेळ लागतो.

कारखान्यात वीज आली तेव्हाची गोष्ट घ्या. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीज केंद्र सुरू झालं १८८२ मध्ये. पण १९०० उजाडलं तरी अमेरिकन कारखान्यांतल्या यांत्रिक शक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास होता. कारण तोपर्यंत कारखाना वाफेच्या एका मोठ्या इंजिनाभोवती बांधलेला असायचा. छताखालून एक लांब शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, फिरायचा, त्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्रावर यायचे, आणि शाफ्ट फार लांब नेता येत नाही म्हणून इमारत मजल्यांवर मजले चढवलेली. एकच यंत्र चालवायचं असलं तरी अख्खा शाफ्ट फिरवा. वीज आल्यावर बऱ्याच मालकांनी काय केलं तर ते वाफेचं इंजिन काढून तिथेच एक मोठी मोटर बसवली, शाफ्ट आणि पट्टे होते तसेच. फायदा थोडाफारच. खरा फरक पडला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर बसवली तेव्हा, मग यंत्रं कामाच्या क्रमाने लावता आली, एकमजली ऐसपैस शेड बांधता आल्या, छतावरचे पट्टे गेल्यामुळे वरून उजेड आला. हे व्हायला १९२० चं दशक उजाडलं. पॉल डेव्हिड या अर्थ-इतिहासकाराने १९९० मध्ये हे उदाहरण कॉम्प्युटरला लावलं, कारण त्याआधी १९८७ मध्ये अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलोने म्हटलं होतं की कॉम्प्युटर सगळीकडे दिसतो, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही.

तुमच्या केसमध्ये स्क्रिप्ट म्हणजे मोटर. पण विभागांनी एंट्री कधी करायची, डॅशबोर्ड कोणी कधी बघायचा, अर्धवट डेटा दिसू द्यायचा की नाही, हा सगळा शाफ्ट जुनाच आहे.

शेवटची_ओळ

शाफ्टचं उदाहरण पटलं, एंट्रीची वेळ ठरवणं हे तर उद्या बोलता येईल असं आहे. पण तुमच्या गोष्टीत शेवटी फायदा कारखान्याला झाला. त्या शेडमध्ये उभ्या माणसाला काय मिळालं हे राहिलंच. मला खरं तर तेच विचारायचं होतं.

अल्पविराम

मी भाषांतर करते, त्यामुळे गेल्या काही वर्षांत हे सगळं अंगावरूनच गेलंय. आता मजकूर कोरा येत नाही, मशीनने भाषांतर करून येतो आणि मी 'फक्त तपासायचं' असतं. या 'फक्त' शब्दावरच रेट कमी होतो.

तपासणं म्हणजे काय असतं ते सांगते. पूर्वीची मशीन भाषांतरं मोडकीतोडकी असायची, चूक लांबून दिसायची. आताची वाक्यं गुळगुळीत असतात, व्याकरण चोख, लय पण बरी, आणि म्हणूनच नजर घसरत पुढे जाते. औषधाच्या माहितीपत्रकात मूळ वाक्य असतं की अमुक त्रास नसेल तर हे घेऊ नये, दोन नकार एकात एक अडकलेले असतात, आणि मराठीत येताना एक नकार गळून पडतो. वाक्य वाचायला एकदम छान! अर्थ बरोबर उलटा. हे पकडायचं तर मूळ वाक्य आणि भाषांतर शब्दाला शब्द लावून बघावं लागतं, म्हणजे जवळपास भाषांतर केल्याएवढंच डोकं लागतं, वर डोळ्यांना झोप येऊ द्यायची नाही हे वेगळंच. टायपिंग वाचलं हे खरं, हात दुखायचे थांबले हेही खरं. पण जबाबदारी होती तेवढीच माझ्यावर आहे आणि दिवसाला पानं मात्र दुप्पट मागतात.

मशीन वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही, जिथे भाषांतर झालंच नसतं तिथे ते होतंय. पण करणारा आणि तपासणारा ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं सोपं आहे हा फार मोठा गैरसमज आहे.

उत्तरवारा

अल्पविराम, तुम्ही जे लिहिलंय ते विमान क्षेत्रात फार आधीपासून अभ्यासलं गेलंय. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच मांडलं होतं की ऑटोमेशन सोपा भाग स्वतः करतं आणि माणसाकडे उरतं ते नजर ठेवणं आणि बिघडल्यावर सावरणं. नुसती नजर ठेवायला माणूस मुळातच कच्चा असतो, आणि सावरायला लागणारं कौशल्य रोज न वापरल्याने गंजतं.

१ जून २००९ ला एअर फ्रान्सची ४४७ ही फ्लाईट रिओहून पॅरिसला जाताना अटलांटिकमध्ये कोसळली, २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ धरला, वेगाचे आकडे जुळेनात, ऑटोपायलट सुटला आणि रात्रीच्या अंधारात, एवढ्या उंचीवर, विमान अचानक हातात आलं. नाक वर ओढलं गेलं, विमान स्टॉलमध्ये गेलं (म्हणजे पंखांना पुरेशी उचल मिळेना आणि ते खाली पडायला लागलं), आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. तो बर्फ फार थोडा वेळ होता. तपास अहवालानंतर ट्रेनिंगमध्ये जास्त उंचीवर हाताने विमान चालवण्याचा सराव आणि स्टॉल ओळखणं यावर भर वाढला.

म्हणून मी म्हणेन की वाचलेल्या वेळातला काही वेळ हाताने काम करायला मुद्दाम ठेवावाच लागतो, आणि तो वेळ वाया गेला असं कोणी धरू नये. शेवटची_ओळ, तुमच्यानंतर येणारा नवीन माणूस ती स्क्रिप्ट बंद पडली तर फायली हाताने जुळवू शकेल का? त्याला आकड्यापुढची ती स्पेस सापडेल का?

कानोसा

सगळे तासांबद्दल बोलताय म्हणून थोडं वेगळं लिहितो. मला दिसत नाही. स्क्रीन रीडर स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतो आणि मी ऐकून काम करतो, आता हे टाईप पण तसंच करतोय. पूर्वी विकतचे स्क्रीन रीडर फार महाग होते. मग २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन याने एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर बनवायला घेतला, जेम्स तेह त्याला येऊन मिळाला, दोघंही स्वतः अंध, आणि तो फुकट दिला. माझ्यासाठी टेक्नॉलॉजीने वेळ वाचवला की नाही हा प्रश्नच नाही, तिच्यामुळे काम मिळालं.

पण वरच्या चर्चेशी संबंध आहे. आम्ही ऑफिसमध्ये जे सॉफ्टवेअर वापरतो त्याचं एक नवीन अपडेट आलं, दिसायला खूप सुंदर झालं म्हणे. माझ्या कानात मात्र 'बटण, बटण, बटण' एवढंच यायला लागलं कारण कोणी बटणांना नावंच दिली नव्हती. सेव्ह कुठलं आणि डिलीट कुठलं ते कळेना. सगळ्यांचा वेळ वाचवणारं अपडेट आणि मी बाजूच्याला विचारत बसलोय. नाव द्यायला प्रोग्रामरला काही सेकंद लागतात हो. त्यामुळे वेळ कुठे जातो याला माझं उत्तर असं की तो बऱ्याचदा एकाकडून काढून दुसऱ्यावर टाकलेला असतो, आणि ज्याच्यावर टाकला तो हिशोबात कुठेच नसतो.

निळी_शाई

कानोसा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आणि शेवटची_ओळ यांनी शेडमधल्या माणसाचं विचारलं होतं ते राहिलं, तर त्याला जे मिळालं ते यंत्राने आपोआप दिलेलं नव्हतं. रॉबर्ट ओवेन हा ब्रिटिश गिरणीमालक आणि सुधारक आठ तासांची मागणी करत होता १८१७ च्या सुमारास. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा पहिलाच करार, दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांचा, झाला १९१९ मध्ये. मधल्या शंभर वर्षांत यंत्रं कितीतरी पटीने वेगवान झाली होती पण तास कमी झाले ते संपांमुळे, संघटनांमुळे आणि कायद्यामुळे. मोटारी बनवणाऱ्या फोर्डने १९२६ मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला त्यातही कामगार टिकवायचे होते हा हिशोब होताच.

तुमच्या रात्रीच्या मेसेजवर पण हेच सुरू झालंय. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नासच्या वर माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये तसा कायदा आणला. जिथे हे लिहून ठरलेलं नाही तिथे वाचलेला वेळ जो आधी मागेल त्याचा होतो.

खटपट्या

हे मान्य, माझ्या उत्तरात हा भाग नव्हता. फक्त एक, कायद्याची वाट बघत बसू नका. टीमपुरतं दोन ओळींचं ठरलं तरी फरक पडतो, आकडे अमुक वाजता फायनल होतील, त्याआधी दिसणाऱ्या आकड्यावर प्रश्न विचारायचा नाही. डॅशबोर्डवर वरच 'अपूर्ण' असं लाल पट्टीत दाखवा.

शेवटची_ओळ

लाल पट्टी उद्याच टाकतो. आणि रोजचा रिपोर्ट खरंच कोण उघडतं ते लॉगमध्ये बघणार आहे, कोणी उघडत नसेल तर आठवड्यावर न्यायचा प्रस्ताव देईन. उत्तरवारांचा प्रश्न पण लागला मनाला, महिन्याची एक फाईल नवीन मुलाला हाताने जुळवायला देतो, घाई न करता. कानोसा, आमच्या डॅशबोर्डच्या बटणांना नावं आहेत का तेही तपासतो, हे कधी सुचलंच नव्हतं.

अल्पविराम, तपासण्याचा वेळ तुम्ही बिलात कसा दाखवता? मला वरच्यांना हेच समजावता येत नाहीये की स्क्रिप्ट चालायला काही मिनिटं लागली तरी निकाल बरोबर आहे का हे बघायला अर्धा दिवस जातो.

अल्पविराम

मी शब्दाचा रेट घेणं बंद केलं, तपासणीचं काम आलं की तासाचा रेट सांगते. काम घेण्याआधी त्यातली एक-दोन पानं तपासून दाखवते, कुठे काय चुकलं होतं ते मार्क करून पाठवते, तो गळलेला नकार त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की पुढची घासाघीस बरीच कमी होते. सगळे ऐकत नाहीत, काही कामं हातची गेली. तुम्ही पण स्क्रिप्टने चुकवलेल्या आणि तुम्ही पकडलेल्या एंट्रीची यादी रिपोर्टसोबत जोडायला लागा, दर वेळी, कोणी मागितली नाही तरी.