४५ अंशांत शालिमार

ताई, तुम्ही विचारलंत, नागपूरच्या उन्हाळ्यात परफ्यूम टिकत का नाही? माझ्या अनुभवात काही टिकत नाहीत आणि काही फारच टिकतात. लिंबू-संत्र्याच्या जातीचे सुगंध मुळातच लवकर उडणारे. पारा ४५ ला गेला की गाडीवरून सीताबर्डीला पोचेपर्यंत त्यांचा पत्ता नसतो.

गेरलँ या फ्रेंच कंपनीचं शालिमार हे परफ्यूम (१९२५ चं) मी एकदा मे महिन्यात भर दुपारी लावलं. त्यातलं बर्गामॉट, म्हणजे लिंबाच्या जातीचा सुगंध, क्षणात गेलं आणि मागे उरला दाट, गोड व्हॅनिला. घामात तो इतका अंगावर आला की बाई, मी घरी येऊन आधी आंघोळ केली! तेच शालिमार डिसेंबरात, रात्रीच्या लग्नाला, लोकरी शालीच्या पदराला लावलं. सकाळी शाल घडी करताना त्यातून ऊबदार, किंचित धुरकट वास आला. तेव्हापासून ते माझं थंडीचं.

शनेल नंबर ५ मध्ये आल्डिहाइड्स, म्हणजे स्वच्छ, ताजा वास देणारी रसायनं, भरपूर. सुरुवातीला नव्या साबणाच्या वडीसारखं वाटतं, मग हळूहळू जाई फुलते. ऑफिसला मला हेच आवडतं.

पण उन्हाळ्यासाठी खरं सांगू? कनौजचं मिट्टी अत्तर आणा. भाजलेल्या मातीचा वास वाफेवर चंदनाच्या तेलात उतरवलेला असतो. एक थेंब कानामागे. नाहीतर वाळ्याचं घ्या, कूलरच्या ताटीवर पहिलं पाणी पडल्यावर येतो तोच वास.