लेबर वीकेंडची हट : नदीला पाणी चढल्यास सोमवारी परतायचे कसे?

सर्व सभासदांस सस्नेह नमस्कार,

लेबर डेच्या सोमवारच्या सुट्टीला जोडून न्यूझीलंडमधील वेलिंग्टनजवळच्या ओरोंगोरोंगो खोऱ्यातील हटचे (रानातील मुक्कामाच्या झोपडीचे) आरक्षण झाले असून शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणे कॅचपूलच्या वाहनतळावर जमायचे आहे. यादी पक्की करण्यापूर्वी एका प्रश्नाचा निकाल लागायला हवा. हट नदीपलीकडे आहे, तिथे पूल नाही, आणि सोमवारी पाणी चढलेले असल्यास मंगळवारी कामावर कसे हजर व्हायचे, अशी विचारणा काही कुटुंबांनी केली आहे. त्यांना काय कळवावे?

— सचिव, सहल समिती

*

सचिवमहोदय,

पाणी चढले तर मंगळवारी कामावर जायचे नाही, एवढेच कळवावे. रेमुटाका डोंगररांगेत वरच्या अंगाला रात्री पाऊस झाला, तर हटच्या अंगणात लख्ख ऊन असतानाही नदी भरून येऊ शकते. मागे एका मित्रमंडळींच्या गटाबरोबर मी त्याच काठावर अडकलो होतो. आदल्या दिवशी घोट्यापर्यंतचे नितळ पाणी राखाडी झाले होते, झाडांच्या फांद्या वाहत होत्या, आणि काठावर बसल्या बसल्या तळातले धोंडे एकमेकांवर आदळत घरंगळताना ऐकू येत होते. तो आवाज आला की नदीत पाय घालायचा नाही, हे इथल्या प्रत्येक गिर्यारोहण क्लबात पहिल्याच दिवशी शिकवतात. ही नदी जशी झरझर चढते तशीच पाऊस थांबल्यावर ओसरतेही. थांबण्याची तयारी तेवढी हवी. म्हणून प्रत्येक कुटुंबाने एका जादा दिवसाचा शिधा बांधावा आणि मंगळवारची रजा आधीच सांगून ठेवावी. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी या खेपेस येऊ नये.

— वि. क., लोअर हट शहर

*

सर्वांस नमस्कार,

सोमवारी सायंकाळी सहा वाजता दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम आहे, हे सहल समितीने तारखा ठरवताना लक्षात घेतलेले दिसत नाही. नाटुकलीतील निम्मे कलाकार सहलीच्या यादीत आहेत. त्याच खोऱ्यातील सार्वजनिक टुरेरे लॉजला जाताना मुख्य नदी ओलांडावी लागत नाही, मग तेच का घेतले नाही? तिथे मुलांचीही सोय झाली असती.

— सांस्कृतिक समितीच्या वतीने, मी. ज.

*

सौ. मी. ज. यांस,

टुरेरे लॉजचा विचार झाला होता, पण आपल्याला संपूर्ण हट मंडळापुरती हवी होती. सार्वजनिक हटमध्ये बंक वाटून घ्यावे लागतात आणि रात्री नऊनंतर आपल्या अंताक्षरीचा इतरांना उपद्रव होतो, हा अनुभव सर्वांना आहेच. तालमीची तारीख सहल समितीला कोणीही कळवलेली नव्हती. आणखी एक मुद्दा : आणीबाणीच्या बीकनचे (मदतीचा संकेत पाठवणाऱ्या यंत्राचे) भाडे अंदाजपत्रकात नाही. खोऱ्यात मोबाईलला रेंज नसते हे मान्य, पण एका वीकेंडसाठी तो खर्च आवश्यक आहे काय?

— खजिनदार

*

खजिनदारसाहेब,

बीकन आवश्यक आहे, आणि भाडे जास्त वाटत असेल तर माझ्या वर्गणीत धरावे. मात्र तो कशासाठी आहे हे सर्वांना ठाऊक असू द्या. बटण दाबले की ४०६ मेगाहर्ट्झचा संकेत उपग्रहामार्गे अव्हालोनच्या बचाव समन्वय केंद्राकडे जातो आणि माणसे शोधायला निघतात. पाय मोडला, कोणी बुडाले, छातीत दुखू लागले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता दाबावा. नदी ओसरण्याची वाट पाहत हटमध्ये शेगडीजवळ सुखरूप बसलेल्या लोकांनी तालमीला उशीर होतो म्हणून दाबू नये.

याचीच दुसरी बाजू अशी की, शहरात मागे राहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीकडे आपला मार्ग, सर्वांची नावे आणि वेळ लेखी असली पाहिजे. त्यात ‘सोमवारी सायंकाळी परत’ एवढेच लिहिले, तर ती व्यक्ती सोमवारी रात्रीच १११ ला फोन करील आणि पोलीस नाहक कामाला लागतील. पाणी चढल्यास मुक्काम एक दिवस वाढेल, आणि मंगळवारी सायंकाळपर्यंत निरोप नसेल तरच पोलिसांना कळवावे, असे स्पष्ट लिहावे. हटच्या नोंदवहीतही हेच लिहायचे.

— वि. क.

*

वि. क. भाऊजी,

जादा शिध्याचे ओझे मुलांच्या आयांवर येते, म्हणून सुचवते. भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या एवढ्यात एक दिवस निभतो. भाजणी मी सर्वांसाठी दळून आणीन, पण थालीपीठे थापायला जाड तवा उचलणारे कोणीतरी हवे. गेल्या वेळी तो शेवटी माझ्याच पाठीवर आला. पाणी उकळूनच प्यायचे असल्याने गॅसचा एक डबा जादा घ्यावा. पाच लिटरचा कुकर कृपया कोणी आणू नये.

— सु. प.

*

सु. प. वहिनी,

कुकरशिवाय खिचडी कशी करणार? तीन लिटरचा आणतो.

— खजिनदार

*

सर्वांस,

मी सहलीला येणार नसल्याने संपर्काची जबाबदारी घेते. मार्ग, नावे, गाड्यांचे क्रमांक आणि बीकन कोणाच्या पिशवीत असेल ही माहिती गुरुवारपर्यंत लेखी मिळावी. फोनवर सांगितलेले चालणार नाही. पोलिसांना मंगळवारी सायंकाळीच कळवीन. तालीम मात्र सोमवारी सहालाच सुरू होईल, आणि न आलेल्यांचे संवाद त्या दिवशी दुसऱ्यांना दिले जातील.

— मी. ज.