‘बेस’ला मराठीत काय म्हणायचं? बैठक, पाट, भुई

मूळ प्रश्न

पुण्यात आम्ही चार-पाच जण दर रविवारी टेबलावर जुन्या लढाया मांडतो. धातूचे आणि प्लास्टिकचे सैनिक, फासे, मोजपट्टी, नियमांचं पुस्तक. सध्या खडकीची, म्हणजे गणेशखिंडीची, ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई घेतली आहे. पायदळ रंगवून झालं, पण पुढे काम अडलं ते एका शब्दापाशी. ‘पुढच्या रविवारपर्यंत बेस करून आणा,’ असं ठरलं होतं. एकाने प्रत्येक सैनिक वेगळ्या गोल चकतीवर चिकटवून आणला. दुसऱ्याने चार-चार जण एकेका पट्टीवर ओळीने उभे केले. तिसऱ्याने आधीच्याच चकत्यांवर फेविकॉल लावून वाळू भुरभुरवली. सांगितलेलं काम तिघांनीही केलं होतं, कारण इंग्रजी ‘बेस’मध्ये ही तिन्ही कामं बसतात.

म्हणून मला मराठी शब्द हवे आहेत. इंग्रजी शब्द चालत नाही अशी माझी तक्रार नाही. तीन वेगळे निर्णय एका शब्दाखाली झाकले जातात, ही अडचण आहे. ‘पाया’ मला पटत नाही. पाया जमिनीत गाडलेला असतो, तो हलत नाही, आणि इथे तर सगळा खेळच हलवण्याचा. चौथरा आणि चबुतरा बांधून काढलेले असतात. ‘तळ’ म्हटलं की सैन्याचा मुक्काम आठवतो, आणि लढाईच्या खेळात तो गोंधळ नको. ‘पीठ’ मूर्तिशास्त्रात बरोबर आहे, पण बोलताना डब्यातलं पीठ आधी डोळ्यांपुढे येतं.

प्रतिसाद १

बैठक. समईला बैठक असते, तांब्याला असते. एखादं भांडं डुगडुगलं की ‘याची बैठक नीट नाही’ असं आपण म्हणतोच. वस्तू उभी राहावी म्हणून तिच्या खाली जो पसरट भाग असतो, त्याचं हे घरातलंच नाव आहे. सभेशी घोटाळा होईल असं वाटत असेल तर वाक्य करून पाहा: ‘या मावळ्याला २५ मिलिमीटरची बैठक दे.’ कुणाच्या मनात सभा येईल?

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुंभारवाड्यातून चित्रं आणायचो, तेव्हा आई प्रत्येक चित्र ओट्यावर उभं करून बैठक तपासायची. मातीच्या चित्राला बैठक अंगचीच असते, हा फरक मात्र लक्षात घ्या.

मूळ लेखक

‘अंगची बैठक’ हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, पण तो आम्हाला फार कामाचा आहे. धातूच्या बऱ्याच सैनिकांच्या पायाखाली ओतकामातच एक पातळ तुकडा आलेला असतो. तो तसाच चकतीवर चिकटवला की सैनिक पायरीवर उभा राहिल्यासारखा दिसतो. भोवतीने एम-सील किंवा पुट्टी भरून ती पायरी बुजवावी लागते. काही सैनिकांच्या पायाखाली जीभ असते आणि चकतीला खाच. ती खाचेची बैठक. आणि एमडीएफ फळीची दोन-तीन मिलिमीटरची कापून घेतलेली चकती लावली, तर लावलेली बैठक. तिन्ही प्रकारांना नावं मिळाली.

पण चार जणांच्या पट्टीलाही बैठकच म्हणायचं का? माझं मन होत नाही. तिथे चौघं एकत्र हलतात, एकत्र मरतात, आणि हिशेबही माणसांचा होत नाही, पट्ट्यांचा होतो.

प्रतिसाद २

त्याला पाट म्हणा. गणपती घरी आणतो तो पाटावरून. पाट सपाट, चौकोनी, उचलून नेण्याजोगा, आणि वर जे काही आहे ते त्याच्यासकट हलतं. तुमच्या पट्टीचे सगळे गुण पाटात आहेत.

आकाराबद्दल एक सुचवतो. डीबीए नावाची नियमावली १९९० मध्ये आली. ती मुळात प्राचीन आणि मध्ययुगीन सैन्यांसाठी आहे, पण तिची मापं पुढच्या काळातल्या लढायांसाठीही अनेक जण वापरतात. साधारण १५ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांना पाटाचं तोंड, म्हणजे शत्रूकडची पुढची कड, ४० मिलिमीटर, मोठ्या सैनिकांना ६०. पायदळ असो वा घोडदळ, एका सैन्यात तोंड सगळ्यांचं सारखं, बदलते ती खोली. १५ मिलिमीटरमध्ये चार जणांच्या दाट पायदळाला १५ ची खोली, तीन घोडेस्वारांना ३० ची. ‘फ्रंटेज’ला ‘तोंड’ म्हणून पाहा, तोंडात सहज बसतं. मग बगल आणि पिछाडी हे शब्दही आपोआप जागेवर येतात.

मूळ लेखक

‘तोंड’ लगेच घेतला. गोल की चौकोनी हा वादही यामुळे सुटतो. गोल बैठकीला तोंड नसतं. एकेकटा चकमकीत लढणारा माणूस कुठेही वळतो, कुठेही बघतो, त्याला गोल बैठक शोभते. वॉरहॅमर या टेबलावरच्याच खेळाच्या कल्पनाविश्वातल्या सैन्यांनी कितीतरी वर्षं चौकोनी बैठकी वापरल्या, कारण तिथे रांगेला रांग भिडायची. २०१५ मध्ये त्याच्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ हा नवा खेळ आला, रांगा मोडल्या आणि बैठकी गोल झाल्या. नियम बदलले म्हणून आकार बदलला. तेव्हा मापं घेण्याआधी नियमावली ठरवा, हे मी नव्या माणसाला हात जोडून सांगेन. वाळलेल्या सुपरग्लूमधून धातूचे चाळीस सैनिक उचकटून काढणं काय असतं ते मी भोगलं आहे. घोट्यात मोडलेले तिघे अजून डब्यात आहेत.

आता तिसरा निर्णय, वाळू-गवताचा. त्याला मी ‘आरास’ म्हणतोय. पुण्याच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

प्रतिसाद ३

आरास नको. आरास मूर्तीच्या भोवती करतात आणि ती डोळ्यांत भरावी म्हणून करतात. सैनिकाच्या पायाखालचं डोळ्यांत भरता कामा नये. तिथे त्याला उभं राहायला जमीन हवी. मी ‘भुई’ म्हणेन. ‘भुई सारवणे’ आपल्याकडे आहेच, मग ‘बैठकीवर भुई करणे’ का नको? आणि भुई म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुठली भुई, कुठल्या महिन्यातली?

मूळ लेखक

हा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस थांबलो, कारण मी दुकानातलं हिरवंगार तयार गवत आणून ठेवलं होतं. आरास म्हणून ते छानच होतं. भुई म्हणून खोटं. नोव्हेंबरात पुण्यात पाऊस सरलेला असतो, माळावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, आणि त्यातून काळा दगड डोकं काढतो. शिवाय त्या दिवशीची लढाई ठरली ती भुईवर. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या घोडदळाने ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीवर चाल केली आणि मधल्या दलदलीत घोडे फसले. दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई बघत होता. तेव्हा पायदळाच्या पाटांवर मुरूम, वाळकं गवत आणि बारीक काळी खडी, आणि घोडदळाच्या पुढच्या चार पाटांवर ओला चिखल, असं आता करतोय. चिखलाला गडद तपकिरी रंगावर चकचकीत वॉर्निश देतो. घोड्यांच्या गुडघ्यांपर्यंत तोच रंग चढवला, तेव्हा कुठे ते फसलेले दिसू लागले.

तर आमच्यापुरतं असं ठरलं: एकट्याची बैठक, अनेकांचा पाट, वरची भुई. क्रियापद ‘बसवणे’, कारण गणपतीही बसवतात आणि खडाही. कडेच्या रंगाला काठ. तो मातकट ठेवतोय, काळा काठ प्रत्येक पाट सुटा दाखवतो.

एक राहिलं. सुटे सैनिक बैठकीसकट ज्यात ठेवून एकत्र सरकवतात आणि मेला की एकेक उचलून घेतात, त्याला पाट म्हणता येणार नाही, कारण पाटावरचे सुटत नाहीत.

प्रतिसाद २

तबक. विडे ठेवतात तसं. एकेक उचलता येतो.

मूळ लेखक

तबक घेतलं. रविवारी याल तेव्हा ६० चं तोंड असलेली दोन घेऊन या.