पोफळीच्या बागेत मिरी: 20 गुंठ्यांत किती वेल, कुठली जात, हिशोब कसा?

आगर_दोडामार्ग
20 गुंठे पोफळ आहे, साधारण 9×9 फुटांवर, झाडं 12-13 वर्षांची. पाणी तुषारने. जमीन जांभ्याची, खालच्या बाजूचे पाच-सहा गुंठे पावसात चिबडतात. मिरी लावून पुढे स्वतः पॅक करून विकायचा विचार आहे. रोपवाटिकावाला म्हणतो सगळ्या पोफळींवर एकदम पन्नियूर-1 चढवा. बरोबर आहे का? आणि कितव्या वर्षी पैसे दिसतात?

मिरवेल
एकदम नको. 9 फुटांच्या अंतराने 20 गुंठ्यांत पावणेतीनशेच्या आसपास पोफळी बसतात. चिबडणारा भाग सोडा, कडेच्या उन्हातल्या ओळी सोडा, उरलेल्यांतल्या 100 निवडा. प्रत्येक पोफळीला दोन, म्हणजे 200 रोपं. मर येते की नाही ते दोन पावसाळ्यांत कळतं, मग वाढवा.

जात: पन्नियूर-1 चांगलीच. 1971 पासून लागवडीत आहे, घोस लांब, दाणा ठसठशीत. पण दाट सावलीत ती धरत नाही. तुमच्या बागेत दुपारी जमिनीवर उन्हाचे कवडसे पडत असतील तर लावा. माड-पोफळ एकत्र असून काळोख असेल तर पन्नियूर-5 घ्या, ती सावली सोसते. दोन्ही मिसळून लावलं तरी बिघडत नाही.

रोप घेताना जातीपेक्षा आधी हे विचारा, की फाटे कुठून काढलेत. वेलाच्या बुडाशी जमिनीवर धावणाऱ्या फांद्यांचे, दोन-तीन पेरांचे फाटे हवेत. घोस येणाऱ्या आडव्या फांदीचं रोप लवकर मिरी देतं म्हणून गळ्यात मारतात, पण ते झाडावर चढतच नाही, झुडूप होतं. कुंडीला ठीक, पोफळीला फुकट. वरून लोंबणाऱ्या फांद्यांची रोपंही नकोत, ती उशिरा आणि कमी धरतात.

खड्डा पोफळीच्या उत्तर बाजूला, बुंध्यापासून दोन-अडीच फुटांवर, दीड फूट लांब-रुंद-खोल. दक्षिणेला लावलात तर उन्हाळ्यात कोवळा वेल करपतो. आणि बुंध्याला चिकटून लावलं तर पोफळीच्या मुळांच्या जाळ्यात त्याला काही मिळत नाही. वरची माती, 5 किलो कुजलेलं शेणखत, 50 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला खाणारी उपयोगी बुरशी). भरल्यावर आळं करू नका, उलट थोडा उंचवटा ठेवा. आपल्याकडच्या जुलैच्या धारेत नवं रोप खड्ड्यातच कुजतं, म्हणून जोर ओसरल्यावर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात लावा. वेल सुंभाने बांधा, प्लास्टिकच्या दोरीने काचतो. पहिल्या उन्हाळ्यात झावळाची सावली लागेलच.

खत: तिसऱ्या वर्षापासून वेलाला 10 किलो शेणखत, 110 ग्रॅम युरिया, 300 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, 250 ग्रॅम पोटॅश, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि अखेरीस विभागून. पहिल्या वर्षी याच्या एक तृतीयांश, दुसऱ्या वर्षी निम्मं. पोफळीचं खत वेगळं द्यायचं, त्यातलंच मिरीला पोचेल असं धरू नका.

खारेपाटण_बागायत
वरच्या उत्तरात पाण्याचं राहिलं. मिरीला मार्चअखेरीपासून पावसापर्यंत ताण मिळाला तर पहिल्या पावसाबरोबर घोस एकदम फुटतात. तुषार एप्रिल-मेमध्ये चालू राहिला की फूट मागेपुढे होते, मग काढणीही तीन-चार वेळा. पण पोफळीला त्याच दिवसांत पाणी तोडलं तर सुपारी गळते. बाग सुपारीची आहे, मिरी वरकड, तेव्हा सुपारीचं ऐका. जमलं तर ठिबक करून पोफळीच्या दक्षिण अंगाला ड्रिपर द्या. पूर्ण ताण बसणार नाही, पण फरक पडेल.

मिरवेल
मान्य. ठिबकाने पानं कोरडी राहतात हा आणखी एक फायदा.

आगर_दोडामार्ग
मर म्हणजे नक्की काय होतं? शेजारच्या बागेत ऑगस्टमध्ये आठ-दहा वेल पंधरा दिवसांत गेले.

कोळेरोग_नको
तीच ती, फायटोफ्थोरा बुरशी. आधी जमिनीलगतच्या पानांवर काळे ठिपके, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. मग बुंधा काळा पडून कुजतो आणि पानं हिरवी असतानाच गळतात. वरची पानं पिवळी दिसेपर्यंत बुडाचा निकाल लागलेला असतो, तेव्हा फवारून उपयोग नाही. सुपारीचा कोळेरोग याच कुळातला, त्यामुळे फवारणी एकाच दिवशी उरकते. 1 टक्का बोर्डो, एकदा पाऊस सुरू होण्याआधी, पुन्हा जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत. शिवाय बुंध्याभोवती कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 2 ग्रॅम, वेलाला 5 ते 10 लिटर.

बोर्डो: 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो चुना 50 लिटरमध्ये. प्लास्टिकचेच पिंप. मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, उलट नाही. लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी संपवा. ट्रायकोडर्मा तांब्याच्या औषधाबरोबर देऊ नका, मरतो. महिन्याचं अंतर ठेवा.

फवारणीइतकंच महत्त्वाचं म्हणजे मे महिन्यात जमिनीवर पसरलेल्या फांद्या कापा किंवा वर बांधा, कारण मातीचे शिंतोडे तिथूनच रोग वर नेतात. दोन ओळींमध्ये चर काढा. पावसाळ्यात बुडाशी कुदळ लावू नका. मेलेला वेल मुळासकट काढून जाळा.

लिटरवेट
पैशाचं बोलतो. तिसऱ्या वर्षी थोडे घोस, खरं उत्पन्न सातव्या-आठव्या वर्षापासून. एका पोफळीमागे, दोन्ही रोपं मिळून, सुकी मिरी 500 ग्रॅम ते 1 किलो धरा. कागदावर 2 किलो लिहिलेलं असतं, ते विसरा. 100 पोफळींचे 60-70 किलो झाले तरी छान. भाव 2014-16 च्या सुमारास सातशेच्या घरात होता, 2019-20 ला साडेतीनशेच्या आसपास आला, तोही डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने आयातीला 500 रुपये किलोची किमान किंमत लावल्यानंतर. हिशोब 350 ने करा. त्यात काढणीची मजुरी सगळ्यात मोठी, म्हणून वेल 15-16 फुटांवर खुडा. शिडी पुरते आणि सुपारी काढणाऱ्यालाही वर जायला वाट राहते.

काढणी घोसातले एक-दोन दाणे लाल झाले की. आधी काढली तर सुकल्यावर दाणा पोकळ निघतो आणि व्यापारी लिटरच्या मापात वजन बघून भाव पाडतो. लिटरला 500 ग्रॅमच्या वर भरली पाहिजे, 550 म्हणजे उत्तम. दाणे सुटे करून सच्छिद्र टोपलीत घालून उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा. रंग एकसारखा काळा येतो आणि चार-पाच उन्हांत सुकते. सारवलेल्या खळ्यावर नको, ताडपत्रीवर घाला. 100 किलो ओलीची 33-35 किलो सुकी. ओलावा 11 टक्क्यांच्या आत नसेल तर पाकिटात बुरशी येणारच.

पॅकिंगसाठी एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) मूलभूत नोंदणी लागते. पहिली दोन-तीन वर्षं 50-100 ग्रॅमची पाकिटं ओळखीतच संपतील, त्यासाठी मशीन घेऊ नका, हाताने दाबायचा सीलर पुरे. पूर्ण लाल झालेले दाणे मात्र वेगळे ठेवा. आठवडाभर पाण्यात भिजवून, रोज पाणी बदलून, साल चोळून काढली की पांढरी मिरी होते. 100 किलोला 25 किलोच मिळते, पण भाव काळीपेक्षा बराच चढा असतो.

आगर_दोडामार्ग
चर या मे महिन्यात काढून घेतो. रोपं सप्टेंबरात 200. धावत्या फांद्यांचीच आहेत हे बघून कसं ओळखायचं?

मिरवेल
पेराला चिकट मुळं असतात आणि शेंडा सरळ वर जातो. पेराला मुळंच नाहीत आणि शेंडा आडवा फुटतोय, किंवा पिशवीतच घोस लागलाय, तर परत करा.